बसलेल्या केकबद्दल

चि. मनू हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तू पाठवलेली दोन्ही छायाचित्रे बाबांनी आणि मी नीट पाहिली. केकच्या मधोमध पडलेला खळगा आणि बारा बिस्किटांच्या जागी ट्रेभर पसरलेली एकच अखंड चकती पाहून आम्ही दोघे पोट धरून हसलो, हे तुझ्यापासून लपवत नाही. पण खाली तू लिहिलेले ‘मला हे कधीच जमणार नाही’ हे वाक्य वाचले आणि हसू मावळले. सुटीत मैत्रिणींना बोलावून त्यांच्यासाठी स्वतःच्या हाताने काही करायचे तू ठरवलेस, याचे मला मनापासून कौतुक आहे, आणि दोन ट्रे बिघडले म्हणून तू हे सोडून द्यावेस असे मला मुळीच वाटत नाही.

तू सहा वर्षांची असताना आपल्या घरी याहून मोठा प्रकार घडला होता. तुला त्यातला फार तर धूर आठवत असेल. कृतीत दोन चमचे बेकिंग पावडर लिहिली होती, डबा उघडला तर तो रिकामा, आणि पाहुणे तासाभरात यायचे होते, म्हणून मी तितकाच खाण्याचा सोडा घालून मोकळी झाले. पहिली दहा मिनिटे केक इतका सुरेख फुगला की मी बाबांना मुद्दाम हाक मारून दाखवला. मग तो टिनाच्या काठापर्यंत आला, तिथे क्षणभर थबकला आणि चहूबाजूंनी ओघळू लागला. पहिला थेंब खालच्या तापलेल्या कॉइलवर पडताच चर्र असा आवाज झाला, पाठोपाठ धूर निघाला, आजी ओले फडके हातात घेऊन एकेक खिडकी उघडत सुटली, आणि तू स्टुलावर चढून ‘आई, केक कुठे चाललाय?’ असे विचारत राहिलीस. टिनात उरला तो भाग बसून वडीएवढा झाला होता. रंगाने गडद तपकिरी आणि चवीला थेट साबण.

त्याचे कारण मला पुढे कळले. बेकिंग पावडरीत सोडा असतोच, पण त्याच्यासोबत कोरडे आम्ल आणि थोडा स्टार्चही असतो; त्यामुळे नुसता सोडा तिच्या साधारण तिप्पट जोरकस ठरतो, आणि त्याला जोडीला दही, लिंबू असे काही आंबट लागते. ते नसले की ओव्हनच्या उष्णतेने त्याचे सोडियम कार्बोनेट होते, आणि साबणाची चव येते ती त्याचीच.

आता तुझ्या केककडे वळते. पहिल्या पंधरा मिनिटांत तीनदा दार उघडून पाहिले, असे तू लिहिले आहेस. त्या वेळी मिश्रणात वायूचे बुडबुडे भरलेले असतात, पण त्यांना धरून ठेवणारे अंडे आणि मैदा अजून घट्ट झालेले नसतात. अशा वेळी आतली उष्णता निघून गेली की मधला भाग खाली बसतो. सांगितलेला निदान तीन चतुर्थांश वेळ होईपर्यंत दाराला हात लावू नकोस, आणि केक बाहेर काढण्याआधी मधोमध काडी खुपसून ती कोरडी निघते ना, एवढे पाहा.

बिस्किटांचा दोष लोण्याचा आहे. लोणी साधारण ३२ ते ३५ अंश सेल्सिअसला वितळते, आणि तू ते गरम ओव्हनशेजारी तेल सुटेपर्यंत ठेवलेस. बोट दाबल्यावर खळगा पडावा, पण लोणी चकाकू नये, इतकेच ते मऊ हवे. मळलेला गोळा अर्धा तास फ्रिजमध्ये ठेव, आणि दुसरी खेप गरम ट्रेवर कधीही मांडू नकोस.

मात्र मला सर्वांत जास्त खटकला तो मैदा मोजायला तू घेतलेला चहाचा मग. कृतीतला कप म्हणजे बहुधा २४० मिलिलिटर. चमच्याने हलका भरून सपाट केला तर त्यात मैदा सुमारे १२० ते १२५ ग्रॅम बसतो, आणि तोच डब्यात बुडवून दाबून भरला तर १५० ग्रॅमच्या घरात जातो. तीन कपांत हा फरक पाऊणशे ग्रॅमचा होतो. मग मगाची तर गोष्टच नको. म्हणून या पत्रासोबत माझा छोटा वजनकाटा पाठवत आहे. त्याला नवे सेल घातले आहेत.

बसलेला केक टाकून दिला नसशील, तर खळग्यात फेटलेले क्रीम आणि फळांच्या फोडी भर; बिस्किटांची चकती मोडून तिचा चुरा वर पसर. मैत्रिणी आवडीने खातील. शनिवारी पुन्हा करशील तेव्हा मधल्या कापाचे छायाचित्र पाठव. बाबांना तो आतून बघायचा आहे, आणि मलाही.

तुझी,
आई