अमेरिकेतल्या जॉन्सन सिटीहून आई-बाबांना

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

आई, तुझा निरोप दादाने सांगितला. फोनवर आपलं बोलणं घाईचं होतं, मध्येच आजी फोन मागते आणि तुझ्या मनातलं विचारायचं राहून जातं, म्हणून सविस्तर लिहिते आहे. तब्येत छान आहे. लॅब, जेवणखाण सगळं नेहमीसारखं, ते पुन्हा लिहीत नाही. तुला घोर लागलाय तो मँडोलिनचा. ‘पोरगी तिकडे कमवायला गेलीय की वाजवायला’ असं काका म्हणाले, तेही कळलं. कामात माझी एकही तक्रार नाही, आई. मँडोलिन फक्त संध्याकाळचं, आणि तेही पाऊण तास. शेजाऱ्यांना त्रास नको म्हणून रात्री वाजवतच नाही.

बाबा, तुम्हाला मँडोलिन म्हटलं की संगीतकार सज्जाद हुसेन आठवतील. वाद्य तेच. आठ तारा, दोन-दोनच्या चार जोड्या, सूर व्हायोलिनसारखे लावलेले. पण मी वाजवते ते ब्लूग्रास, म्हणजे इथल्या डोंगराळ भागातलं तारवाद्यांचं संगीत, त्यात त्याच्याकडे काम वेगळं आहे. बॅन्जो, फिडल (म्हणजे व्हायोलिनच), गिटार, उभा बास हे सगळे असतात, तबला-ढोलकी काही नसतं. मग ठेका मँडोलिन धरतं. कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणारे सूर, दाबायची, तारांवर फटका मारायचा आणि लगेच डावी बोटं सैल सोडून आवाज तोडायचा. याला चॉप म्हणतात. तो पडतो दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर. तुमच्या भजनांत वाढलेला माझा कान समेकडे धावतो, त्याला तिथून हलवायला पुष्कळ दिवस गेले.

पाऊण तासात काय होणार, असं तुम्ही विचाराल. तुमच्या तबल्याच्या गुरुजींनी तुम्हाला तासन्‌तास बसवलं होतं. मला तेवढा वेळ नाही, म्हणून आहे त्याचेच तुकडे पाडलेत. आधी तारा लावायच्या. जोडीतल्या दोन्ही तारा तंतोतंत एका सुरात नसतील तर पुढचं सगळं वाया. मग थोडा वेळ नुसता उजवा हात, मोकळ्या तारांवर, मात्रेवर खाली आणि अर्ध्या मात्रेवर वर. मनगट सैल राहिलं पाहिजे. त्यानंतर चॉप. मेट्रोनोमचा, म्हणजे लय मोजणाऱ्या यंत्राचा, प्रत्येक ठोका दुसरी किंवा चौथी मात्रा धरायचा, पहिली आणि तिसरी आपली आपण मनात मोजायची. ‘जी’ (G) या सुराची चॉप कॉर्ड दुसऱ्या पडद्यापासून सातव्यापर्यंत पसरते, माझी करंगळी तिथे जेमतेम पोचते. दुखायला लागलं की थांबते, आई. हात बिघडवून घेणार नाही.

खरी मेहनत त्यापुढे. इथल्या बहुतेक फिडलच्या चाली दोन भागांच्या असतात, प्रत्येक भाग आठ मापांचा (माप म्हणजे ठरावीक मात्रांचा एक गट) आणि दोनदा वाजवायचा. मी अख्खी चाल घोकत नाही. जिथे अडते ती दोनच मापं काढते, आधी गाऊन बघते, मग मिनिटाला साठ ठोक्यांच्या लयीत वाजवते. स्वच्छ आली की लय थोडी वाढवायची, हात ताठ झाला की परत खाली यायचं. मग त्या तुकड्याला मागचं एक आणि पुढचं एक माप जोडायचं, कारण चूक बहुतेक वेळा सांध्यावर होते. त्याच दिवशी तासभर घासण्यापेक्षा दुसऱ्या दिवशी परत तिथे गेलेलं जास्त टिकतं, हे मी स्वतः पाहिलंय.

शेवटची दहा मिनिटं दुरुस्ती बंद. चाल सुरू केली की काही झालं तरी थांबायचं नाही. सूर चुकला तर सोडून द्यायचा, ठेका सोडायचा नाही. दुरुस्त करणं आणि वाजवणं ही दोन वेगळी कामं आहेत आणि दोन्हींचा वेगळा रियाज लागतो. नुसतं दुरुस्त करत राहिलेला माणूस चारचौघांत पहिल्या चुकीलाच थबकतो.

हे इतकं का, तर इथल्या जॅमसाठी, म्हणजे सगळ्यांनी जमून एकत्र वाजवण्यासाठी. ही पद्धत मला आधी अजिबात उमगली नव्हती. कार्यक्रम नाही, मंच नाही, श्रोतेही फारसे नाहीत. माणसं वाद्यं घेऊन येतात आणि तोंडं आत करून गोल उभी राहतात. कोणीतरी चालीचं नाव आणि स्वर सांगतं आणि सुरू करतं. मग प्रत्येकाला एकेक आवर्तन, त्याला ब्रेक म्हणतात. तुमची पाळी येते तेव्हा शेजारचा नुसती मान हलवतो. नको असेल तर तुम्हीही मानेनेच नाही म्हणायचं, कोणी वाईट मानत नाही. गाणारा गात असताना त्याच्या आवाजावर चढून वाजवायचं नाही. नवख्यांनी बाहेरच्या रिंगणात उभं राहून हळू वाजवायचं. आणि चाल संपवायची वेळ आली की सुरू करणारा एक पाय उचलतो! तो पाय दिसला नाही तर सगळे थांबलेले आणि आपण एकट्याच वाजवतोय, म्हणून नजर सारखी गोलातल्या माणसांवर.

हे लोक कसले, असं तू विचारलंस. साधी घरची माणसं आहेत गं. हा डोंगराळ भाग म्हणजे या संगीताचं माहेर. जवळच्या ब्रिस्टलमध्ये १९२७ साली रेकॉर्ड कंपनीच्या राल्फ पीअरने इथल्या गावकऱ्यांची गाणी ध्वनिमुद्रित केली. आमच्या गावातल्या विद्यापीठात १९८२ पासून ब्लूग्रास शिकवतात, आणि तो विभाग सुरू करणारे जॅक टॉटल स्वतः मँडोलिन वाजवायचे. या संगीताचा जनक बिल मन्रो केंटकीचा, जन्म १९११. थोरल्या भावांनी फिडल आणि गिटार घेतलं, धाकट्या बिलच्या वाट्याला मँडोलिन आलं. त्या राहिलेल्या वाद्यावर त्याने हे सगळं उभं केलं, याचं मला फार अप्रूप वाटतं. जॅम नऊच्या आत संपतो आणि लॅबमधली मैत्रीण मला दारापर्यंत सोडते.

मँडोलिन जुनंच घेतलंय, ओव्हरटाइमच्या पैशांतून. घरी पाठवायच्या रकमेला हात लावलेला नाही. या महिन्याचे पैसे सोमवारी जमा होतील. त्यातले आजीच्या मोतीबिंदूचे आधी बाजूला काढा, ती ‘पुढच्या वर्षी बघू’ म्हणेल, तिचं ऐकू नका.

दादाच्या साखरपुड्याला मला येता येणार नाही. खूप प्रयत्न केला. लग्नाची रजा मिळालीय, हळदीच्या आदल्या दिवशी पोचेन. आई, रुखवत, याद्या, पाहुण्यांची उठबस, सगळं तुझ्या एकटीवर पडतंय हे मला रोज दिसतं. आले की तुला स्वयंपाकघरात पाऊल ठेवू देणार नाही.

सांगलीच्या स्थळाला मी नाही म्हणत नाही. लग्नासाठी येईन तेव्हा भेटते. पण मी संध्याकाळी मँडोलिन वाजवते हे त्यांना आत्ताच सांगा, लपवू नका. चालणार नसेल तर आधीच कळू दे.

हॉलचे राहिलेले पैसे कधी भरायचेत ते दादाला लगेच कळवायला सांगा. तारीख पंधराच्या आधीची असेल तर मी वेगळे पाठवते, बाबांनी ठेव मोडू नये.

तुमची,
ताई