कॅसेटच्या शेवटची सात मिनिटं

पुणे, रविवार

ती. आई-बाबांस,
शि. सा. न.

रोज रात्री फोन होतो, मग पत्र कशाला, असं आई तू म्हणशीलच. पण फोनवर गोळ्या घेतल्या का, पाणी आलं का, गुडघा कसा आहे, यातच दहा मिनिटं निघून जातात. बाबांना फोनवर नीट ऐकू येत नाही, ते ‘हो, हो’ म्हणतात आणि फोन तुझ्याकडे देतात. हे मला दोघांनाही सांगायचंय. बाबांनी चष्मा लावून सावकाश वाचावं, म्हणून लिहायला बसले.

दिवाळीआधी रंगकामासाठी माळा रिकामा केला तेव्हा कॅसेटांचा पत्र्याचा डबा मी इकडे आणला होता. वाजवायला काहीच नव्हतं. गेल्या बुधवारी जुन्या बाजारात एक टेपरेकॉर्डर मिळाला. आतला पट्टा बदलून घेतला. निम्म्या कॅसेटांना बुरशी लागली आहे, त्या फिरतच नाहीत. एक मात्र लागली. तिच्यावर लाल स्केचपेननं माझं अक्षर आहे, ‘चित्रहार, हात लावू नये’. आणि त्या लालखाली, खाडाखोड केलेलं, निळ्या शाईतलं तुमचं अक्षर, बाबा. ‘शनि. रा. ९.३०’.

ते वाचलं आणि मी तशीच फरशीवर बसून राहिले.

तुमचा शनिवार मला आठवतो. साडेनऊला आकाशवाणीची राष्ट्रीय संगीत सभा लागायची, अकरापर्यंत. मर्फी रेडिओसमोर स्टूल, स्टुलावर दुहेरी घडी केलेला टॉवेल आणि त्यावर शेजारच्या काकांकडून एका रात्रीपुरता आणलेला टेपरेकॉर्डर. आपला स्वतःचा नंतर आला. दीड तासाचा कार्यक्रम आणि नव्वद मिनिटांची कॅसेट. पंचेचाळीस मिनिटं झाली की तुम्ही श्वास रोखून ती उलटी करायचात. रेकॉर्डिंग झालं की कॅसेटच्या पाठीवरचे दोन छोटे चौकोनी तुकडे स्क्रू ड्रायव्हरनं मोडून टाकायचात, म्हणजे चुकूनसुद्धा कोणी त्यावर दुसरं काही भरू नये.

मी चुकून भरलं नव्हतं. १९८८ साल, मी सहावीत. शाळेत सगळ्यांच्या तोंडी ‘कयामत से कयामत तक’ची गाणी होती आणि मला ती आपल्या घरात, माझ्या मालकीची हवी होती. नवी कॅसेट मागायची हिंमत नव्हती. मोडलेल्या चौकोनांत कागदाच्या गोळ्या कोंबल्या, वरून चिकटपट्टी लावली आणि बुधवारी चित्रहारमधली सिनेमाची गाणी लागली की टीव्हीसमोर टेप धरून बसले. दादाला दम दिला होता की शिंकलास तरी बोलणार नाही. एकेक बुधवार करत दोन्ही बाजू भरल्या.

तुम्हाला कळलं तो दिवस मला अजून दिसतो. तुम्ही बटण दाबलं, गाणं सुरू झालं, एक ओळ ऐकलीत. मग कॅसेट बाहेर काढून मागची चिकटपट्टी अंगठ्यानं चाचपलीत. मी दाराआड होते. तुम्ही काहीच बोलला नाहीत. पगार झाल्यावर एक कोरी कॅसेट आणून माझ्या दप्तरावर ठेवलीत. बाबा, मी त्याची माफी कधीच मागितली नाही. आज मागते. सदतीस वर्षं उशीर झालाय, तरी मागते.

तेव्हा मला कळत नव्हतं की तुमच्यासाठी ते नुसतं रेडिओवरचं गाणं नव्हतं. तुम्ही मिरजेचे. अब्दुल करीम खाँसाहेब ज्या गावात राहिले, १९३७ साली गेल्यावर ज्या गावात मीरासाहेबांच्या दर्ग्याजवळ विसावले, त्या गावचे. मला सायकलच्या नळीवर बसवून स्टेशनवरून घरी येताना तुम्ही सतारमेकरांच्या गल्लीतून मुद्दाम वाट वाकडी करायचात. दुकानात पंढरपूर-मंगळवेढ्याकडचे भोपळे टांगलेले असत, लाखेचा वास असे. कुणीतरी तंबोऱ्याची जवारी, म्हणजे तारेचा घुमारा, लावत बसलेलं असे. तारा टेकतात ती घोडी किंचित घासायची, तारेखाली दोरा सरकवायचा, तार छेडायची, पुन्हा घासायची. तुम्ही एक पाय जमिनीला टेकवून ऐकत उभे. मला कंटाळा यायचा, मी गारेगारसाठी तुमची बाही ओढायचे. परवा बातमी वाचली की मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, आणि मला आठवला तो तुमचा जमिनीला टेकवलेला पाय.

आई, तुला वाटत असेल की हिला बाबांचंच सगळं आठवतं. तसं नाही. तुझी लिंबू रंगाची नायलॉनची साडी, तिच्यावर बारीक पांढरी फुलं होती, ती मला या पत्रातल्या कुठल्याही गोष्टीपेक्षा स्पष्ट दिसते. तुझ्या बाहेर नेसायच्या साड्या दोन. एक इरकल आणि एक ही. सातवीच्या स्नेहसंमेलनाला मला टीव्हीवरच्या नटीसारखा फुग्याच्या बाह्यांचा फ्रॉक हवा होता. ती नटी पडद्यावर तीन-चार मिनिटंच दिसली असेल. तेवढ्यात तू ‘पुढारी’च्या कोऱ्या कडेला पेन्सिलीनं बाही काढून घेतलीस. दुसऱ्या दिवशी अख्खा पेपर जमिनीवर पसरून बेतलास आणि कापलास. बाहीच्या तुकड्यावर आडवी बातमी आणि अर्धा फोटो होता, तो कागद माझ्या दंडाला लावून तू म्हणालीस, “थोडी वाढती ठेवते.” कापड कुठून येणार, हे मी विचारलंच नाही. संध्याकाळी शाळेतून आले तर मशीनवर लिंबू रंग.

त्या फ्रॉकची सगळ्यांनी तारीफ केली. पुढच्या लग्नसराईत तू प्रत्येक लग्नाला इरकलच नेसलीस. हे मला आत्ता, माझी मुलगी कपाट उघडून ‘घालायला काही नाही’ म्हणते तेव्हा जाणवतं. तिला मी रागवत नाही. तिच्या वयाला मीही तशीच होते.

दादाला आणि बाबांना मात्र एकाच ताग्यातलं कापड, ते ठरलेलं. त्याबद्दल दादा स्वतःच लिहील.

आणि ‘किशोर’! १९७१ साली बालभारतीनं सुरू केलेलं ते मासिक आपल्या घरी माझ्या जन्माआधीपासून येत होतं, कारण ते दादासाठी नव्हतंच, बाबा, ते तुम्हालाच आवडायचं. स्टेशनवरच्या बुकस्टॉलवरून आणायचात आणि जेवणाआधी स्वतः वाचून काढायचात. वर्षाचे बारा अंक झाले की दाभणानं भोकं पाडून, मेणलावल्या दोऱ्यानं शिवून, वर कॅलेंडरचा जाड कागद खळीनं चिकटवायचात. खळ आई शिजवायची आणि आम्ही दोघं बोटानं चाटून बघायचो. जुने अंक आता इंटरनेटवर मोफत वाचायला मिळतात. मी माझ्या मुलीला दाखवले, तिलाही आवडले. पण तुम्ही बांधलेल्या खंडांमध्ये कोड्यांच्या पानावर तुमची पेन्सिलीतली उत्तरं आहेत, ती तिथे नाहीत. ते खंड रद्दीत देऊ नका. पुढच्या फेरीला मी घेऊन जाईन.

आता खरं सांगायचं ते. मी ती कॅसेट शेवटपर्यंत वाजवली. दुसऱ्या बाजूला माझी गाणी संपतात, खटकन आवाज होतो, आणि त्यानंतर तुमचा शनिवार आहे. माझ्याकडे भरायला गाणी उरली नव्हती, म्हणून तेवढा वाचला. सात मिनिटं. एक बाई गाताहेत, मागे तंबोरे. रेडिओची खरखर आहे. मध्येच स्टेशनाकडून गाडीची शिट्टी येते, ती आपल्या खिडकीतूनच आलेली. आणि मग, आई, तुझा आवाज. तिशीतला. “अहो, जरा हळू करा, पोरं झोपलीत.” त्यावर बाबांचं “श्शू”. मग तुझं अगदी हळू हसू, आणि त्यानंतर कोणीच बोलत नाही. तू तिथेच बसलीस ना ऐकत? मला तसंच वाटतं, कारण शेवटी बांगड्या एकदाच वाजतात.

मी पाच वेळा ऐकलं. पट्टी जुनी आहे, तुटायला नको, म्हणून आता थांबलेय. मोबाइलमध्ये भरून घेतलंय.

पंधरा तारखेला येतेय. कानावर बसणारे मोठे हेडफोन आणते, बाबा, त्यात तुम्हाला स्पष्ट ऐकू येईल, दुकानात विचारून घेतलंय. बाई कोण आणि राग कुठला ते मला ओळखता येत नाही. तेवढं तुम्ही सांगा.

तुमची,
मनी