जुन्या गाण्याला नवं कडवं

शिवाजी पेठ, कोल्हापूर

चि. बाळास अनेक उत्तम आशीर्वाद.

परवा फोनवर तू म्हणालास, "आई, शाहिरांच्या कार्यक्रमाचं रेकॉर्डिंग केलं असशील तर टाक, ऐकतो." मी केलं नाही. पुढं बसलेल्या कॉलेजच्या पोरांनी केलंय, त्यांच्याकडनं मिळेलही. पण तिथं जे झालं ते त्यात कितपत आलं असेल याची मला शंका आहे, आणि फोनवर सांगायला गेले तर माझा गळाच दाटून येत होता. म्हणून लिहिते.

शाहिरांना मी पहिल्यांदा ऐकलं ते माहेरी, यात्रेत. लग्नाआधीची गोष्ट. तेव्हा त्यांचा आवाज असा होता की कर्णा नसता तरी चाललं असतं. डफावर थाप पडली की देवळामागं बैलं बांधणारी माणसंसुद्धा हातातला कासरा तसाच धरून येऊन उभी राहायची. काळम्मावाडीच्या धरणात त्यांचं गाव गेलेलं. त्या गावावरचं गाणं त्यांनी स्वतः लिहिलेलं, चालही त्यांचीच. शेवटच्या कडव्यात त्यांची शपथ होती की पाणी उतरलं की परत येईन आणि देवळात दिवा लावीन. ते कडवं ते वरच्या षड्जावर, वरच्या 'सा'वर, नेऊन सोडायचे आणि मागं साथीला गाणारे झीलकरी तिथनं उचलायचे. अख्खी यात्रा गप्प व्हायची. मी ते गाणं पुढं कित्येक वर्षं भांडी घासताना म्हणायचे. तू लहानपणी ऐकलं असशील, कुणाचं ते तुला माहीत नसेल.

आता ते ऐंशीच्या घरात आहेत. कार्यक्रम दसरा चौकात, शाहू स्मारकला होता. केशवराव भोसले नाट्यगृह असतं तर तिथंच झाला असता. ते ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री जळालं, केशवरावांच्या जयंतीच्या आदल्या दिवशी. त्या रात्री तुझे बाबा नाट्यगृहाजवळ खासबागेपर्यंत चालत गेले होते आणि घरी येऊन कुणाशी बोलले नव्हते. शाहिरांनी मंचावर आल्या आल्या पहिल्यांदा त्या नाट्यगृहाच्या दिशेला हात जोडले. मग म्हणाले, "हॉलातले दिवे लावा. अंधारात गायला मी काय सिनेमा आहे? माणसं दिसली पाहिजेत मला." दिवे लागले, आणि मागच्या रांगांत बसलेली धरणग्रस्तांच्या वसाहतीतली फेटेवाली माणसं, त्यांच्या बायका, सुना, सगळे एकमेकांना दिसायला लागले.

पहिल्या दोन गाण्यांत मला बसवेना. आवाज फाटत होता. पेटीवाल्यानं पट्टी काळी एक धरलेली. पूर्वी शाहीर पांढरी चारला गायचे, म्हणजे आता अर्ध्या अर्ध्या सुरानं मोजलं तर चार पायऱ्या खाली. मंडळात इतकी वर्षं पेटी वाजवते म्हणून माझं लक्ष आधी पट्टीकडंच जातं. खाली घेऊनही वरचा सूर लागत नव्हता. मागं माझा आवाज बसला होता तेव्हा घशाच्या डॉक्टरांनी समजावून सांगितलेलं: वयानं स्वरयंत्राचे स्नायू झिजतात, स्वरतंतू पूर्ण मिटत नाहीत, मधनं हवा निसटते, म्हणून सूर पातळ आणि खरखरीत होतो. त्यात छातीचा दमही कमी पडतो. हे सगळं माझ्यासमोर गात होतं. शेजारच्या बाई हळूच म्हणाल्या, "कशाला त्रास देतात हो म्हाताऱ्याला."

तिसऱ्या गाण्यापासनं मला कळायला लागलं की त्यांनी गाणी नव्यानं बांधून आणलीत. जिथं पूर्वी लांब तान होती तिथं आता बोलल्यासारखे चार शब्द, दोन ठेक्यांच्या मध्ये नेमके ठेवलेले. जिथं सूर चढायचा तिथं ते थांबायचे, डफ छातीशी धरायचे, आणि झीलकऱ्यांतली एक तरुण पोरगी तो सूर घ्यायची. ती गात असताना शाहीर तिच्याकडं बघत नव्हते. डोळे मिटून ओठ हलवत होते. एका जागी दम इतका लागला की ते कडव्याच्या तोंडाशी येऊन थांबलेच. ढोलकीवाल्यानं घाई केली नाही. ठेका धरून एक आवर्तन, ठेक्याचा एक पुरा फेरा, जाऊ दिलं, दुसरं जाऊ दिलं, तुणतुणं वाजत राहिलं, आणि शाहीर तिसऱ्याला समेवर, ठेक्याच्या पहिल्या मात्रेवर, असे आले की टाळ्या वाजवायच्या कुणाच्या ध्यानातच आलं नाही. बाळा, रेकॉर्डिंगमध्ये ही दोन आवर्तनं रिकामी वाटतील. तिथं बसून ती ऐकताना सगळं सभागृह त्यांच्याबरोबर श्वास धरून होतं.

आणि मग ते गावाचं गाणं. सगळे त्याचीच वाट बघत होते. शेवटचं कडवं आलं तेव्हा मी मनातल्या मनात शपथेची ओळ म्हणायला सुरुवातसुद्धा केली होती. शाहिरांनी ती ओळ घेतलीच नाही. डफ खाली ठेवला. पेटी थांबली. नुसत्या तुणतुण्यावर ते म्हणाले:

तुझ्या नळाला आलंय पाणी, भरून घे गं घागर,
माझ्या उंबऱ्यावरनं आलंय, जरा जपून वापर.

२०२३ च्या दिवाळीत काळम्मावाडीचं पाणी थेट पाईपलाईननं आपल्या शहरात आलं, तुला आठवत असेल. किती वर्षांची ती मागणी, किती मोर्चे, किती निवडणुका. मी स्वतः टँकरपुढं घागरी घेऊन उभी राहिलेली बाई आहे; पाणी आलं तेव्हा मला झालेला आनंद खराच होता. शाहिरांनी त्या आनंदाला नावं ठेवली नाहीत. "भरून घे" म्हणाले. पण ज्या पाण्याखाली त्यांचं जोतं आहे तेच पाणी माझ्या स्वयंपाकघरात येतं, हे एवढ्या वर्षांत मला कुणी सांगितलं नव्हतं. वर्तमानपत्रात किती दशलक्ष लिटर ते यायचं. मला रडू आवरेना. मागं वसाहतीतल्या बायकाही रडत होत्या, आणि मघाच्या त्या शेजारच्या बाईंनी माझा हात धरला. त्यांनी कुठल्या पेठेतनं आलात एवढंसुद्धा विचारलं नव्हतं तोवर.

तेव्हापासनं एकच गोष्ट डोक्यात फिरतेय, ती तुला सांगायची आहे. आपल्याकडं जुन्या गाण्यांचे कार्यक्रम पुष्कळ होतात. मुलं सुरेख गातात, मूळ तबकडीतली हरकतन् हरकत जशीच्या तशी घेतात, आणि मला ते ऐकायला आवडतं. पण त्यांना गाण्यातला शब्द बदलायची सोय नाही. बदलला तर लोक रागावतील, आणि बरोबरच आहे. ज्यानं लिहिलं त्याचं तसं नाही. शाहीर तरुणपणी परत यायची शपथ घेऊ शकत होते. आता ऐंशीच्या घरात ती शपथ तशीच म्हटली असती तर ते फक्त आठवण काढणं झालं असतं. गाणं त्यांचं, म्हणून ते त्यांना उसवून पुन्हा शिवता आलं. वयानं आवाज नेला, पण ही मुभा नेली नाही, आणि माझ्या मते ती आवाजापेक्षा मोठी आहे. लोकशाहीर वामनदादा कर्डक हयातभर स्वतः लिहून गावोगाव गात फिरले, आणि शाहीर विठ्ठल उमप तर २०१० साली नागपुरात मंचावरच वारले. ही माणसं म्हातारपणी का थांबत नाहीत, असं मला वाटायचं. शाहिरांना ऐकून वाटलं, गाण्यात अजून काम उरलेलं असतं त्यांचं.

तू एकदा मला तो कॅनडाचा, स्वतःची गाणी लिहून गाणारा लेनर्ड कोहेन ऐकवला होतास. जमवलेले पैसे गेले म्हणून २००८ साली, वयाच्या ७३ व्या वर्षी, तो पुन्हा दौऱ्यावर निघाला. तरुणपणीचा आवाज आणि नंतरचा आवाज तू लागोपाठ लावलास. इंग्रजी मला सगळं कळलं नाही, पण नंतरचा आवाज कुठनं तरी विहिरीच्या तळातनं आल्यासारखा खोल, आणि शब्द मात्र जास्त स्पष्ट. तू म्हणाला होतास, "आई, त्यानं आता गाणं कमी केलंय आणि सांगणं वाढवलंय." शाहू स्मारकात मला तुझं हेच वाक्य आठवत होतं.

आपल्या गावाला तर हे नवं नाही. जयपूर घराण्याच्या अल्लादिया खाँसाहेबांचा आवाज ऐन उमेदीत गेला, आणि आला तो पूर्वीचा राहिला नव्हता. मग त्या आवाजाला पेलेल अशी गायकी त्यांनी घडवली. तीच घेऊन ते शाहू महाराजांच्या दरबारात इथं आले, आणि केसरबाई केरकर, मोगूबाई कुर्डीकरांपर्यंत ती पोचली. गाण्याच्या देवल क्लबात पूर्वी एक म्हातारे श्रोते हे फार अभिमानानं सांगायचे. तेव्हा मी ते ऐकून सोडून द्यायचे.

कार्यक्रम संपल्यावर मी आत गेले. पाया पडले. शाहीर खुर्चीत बसून कोमट पाणी पीत होते, अंगातला सदरा घामानं भिजलेला. मी म्हटलं, माहेरच्या यात्रेत तुम्हाला ऐकलंय. त्यांनी गावाचं नाव विचारलं, आणि त्या वर्षी पाऊस येऊन मांडव पडला होता हे त्यांनीच मला सांगितलं! मग म्हणाले, "कडवं कसं वाटलं? वसाहतीत सगळ्यांना पटलेलं नाही. काही जण म्हणतात, शपथ का काढली." त्यांना खरंच माझं मत हवं होतं. मी म्हटलं, मला नवं हवं आणि जुनंही हवं. ते हसले. म्हणाले, "जुनं तुम्ही म्हणा की मग. भांडी घासताना." हे त्यांना कसं कळलं, देव जाणे. सगळ्याच बायका तसं सांगत असतील.

तुझे बाबा, जे मध्यंतरात घड्याळ बघतात, ते शेवटपर्यंत बसले. रिक्षात एवढंच म्हणाले की पोराला हे ऐकवायला हवं होतं.

बाळा, कॉलेजात असताना तू गाणी लिहायचास. राजारामपुरीच्या खोलीवर मित्रांना गिटारवर म्हणून दाखवायचास. नंतर तू म्हणालास ती पोरकट आहेत, आणि वही माळ्यावर गेली. माळा साफ करताना मी ती खाली काढली आहे, वाचली आहे, आणि कपाटात ठेवली आहे. त्यातलं रंकाळ्यावरचं गाणं मला आवडतं. त्यातला मुलगा विशीतला आहे, आणि तू आता पस्तिशीकडं चाललास. तूच लिहिलंयस, तेव्हा त्याला चालू शकेल असं एखादं कडवं तुलाच सुचेल. नोकरी सोड असं मी म्हणत नाही. फक्त वही बघ, एवढं माझं मागणं आहे.

पुढच्या महिन्यात शाहीर त्यांच्या वसाहतीत गाणार आहेत, कागलच्या बाजूला. उघड्यावर, सतरंजीवर बसून. मी आणि त्या शेजारच्या बाई जाणार आहोत, आमचं ठरलंय. शनिवार आहे. शुक्रवारी रात्री बेंगळुरूहून बसलास तर सकाळी कावळा नाक्यावर उतरशील, बाबा गाडी घेऊन येतील. सूनबाईंना आणि छोटीला घेऊन ये. छोटी कंटाळली तर मी तिला घेऊन मागं बसेन, तू मात्र पुढं बस. तिकीट काढलंस की कळव, म्हणजे मी तांबड्या-पांढऱ्या रश्श्याचं बघते.

तुझी,
आई