फळीवरचे पाय दाखवणाऱ्या ताईंना

ताई, सप्रेम नमस्कार.

ऊसतोडणीच्या बायकांवरच्या आपल्या माहितीपटासाठी विज्ञान भवनात राष्ट्रपतींच्या हस्ते राष्ट्रीय चित्रपट पुरस्काराचं रजतकमळ घेताना तुम्ही मला मोबाईलवर पाहिलंत आणि लगेच फोन केलात, "तोंड एवढं पाडून का उभे होता?" तिथे गर्दीत धड बोलता आलं नाही, म्हणून हे पत्र. चारचौघांत लिहितोय, कारण आभारही चारचौघांतच मानायचे आहेत.

सर्वोत्कृष्ट माहितीपटाचा पुरस्कार निर्मात्याला आणि दिग्दर्शकाला मिळतो. छायाचित्रण, संकलन, ध्वनी, अगदी निवेदनासाठीही वेगळं पारितोषिक आहे. १९५४ पासून हे पुरस्कार दिले जातायत, पण परक्या माणसाला हाताला धरून कोपीत, ऊसतोड मजुराच्या झोपडीत, नेणाऱ्यासाठी त्यात रकाना नाही.

आम्ही मजुरांच्या तळावर आलो तेव्हा टोळी आणणारा मुकादम आम्हाला परत पाठवायच्या बेतात होता. तुम्ही म्हणालात, "कॅमेरा गाडीतच राहू द्या. पहाटे फडात या." कोयता बुडाशी कसा मारायचा, वाढं, म्हणजे उसाचा हिरवा शेंडा, कसं छाटायचं, त्याच वाढ्यानं मोळी कशी बांधायची, हे आधी करून घेतलंत. माझी मोळी सुटली की बायका हसायच्या. त्या हसण्यानंतरच त्या आमच्याशी बोलायला लागल्या.

सगळे वाखाणतात तो फळीचा शॉट तुमचा आहे. आम्ही ट्रकवर चढून कॅमेरा लावत होतो. तुम्ही खालून ओरडलात, "वरून नुसती मोळी दिसंल. पाय बघा की, फळी कशी हलतीय!" कॅमेरा खाली आला. डोक्यावर ओला ऊस, पायाखाली वाकणारी फळी आणि बोटांनी ती घट्ट धरून चढणारी बाई. त्या शॉटवर निवेदनाचा एक शब्दही टाकावा लागला नाही.

हिशेबात नवरा-बायको मिळून एक कोयता. उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, नवऱ्याच्या नावावर, बायकोनं खाडा केला तरी पैसे कापणार. हे मी वाचलं होतं. मुकादमाच्या वहीत बाईचं नाव कुठे आहे ते शोधा, असं तुम्ही सांगितलंत, आणि माहितीपटाची सुरुवात तिथेच सापडली.

गर्भपिशवी काढलेल्या त्या मुलीची मुलाखत तुम्ही थांबवलीत, तेव्हा आमच्यात चांगलीच वादावादी झाली. "ती माझ्याकडं बघून बोलली, कॅमेऱ्याकडं नाही. उद्या तिची सासू बघंल," एवढंच तुमचं म्हणणं. चेहरा गेला. भाकरी थापणारे हात आणि तीन-चार जणींचे मिसळलेले आवाज राहिले. तिला विचारूनच.

दसऱ्यानंतर तुम्ही पुन्हा कारखान्याच्या वाटेला लागाल. त्याआधी गावात खेळ लावायचा आहे. पडदा आणि प्रोजेक्टर आम्ही आणतो, विजेचं तेवढं तुम्ही बघा. मुकादमाला पुढच्या रांगेत बसवायचं तुमच्या मनात आहे ना? बसवा.

तुमचा,
कॅमेरावाला