६४ जीबीच्या फोनमध्ये माझ्या वाट्याला किती?

प्रति,
मा. व्यवस्थापक,
ग्राहक तक्रार निवारण विभाग,
कंपनीचे भारतातील मुख्य कार्यालय.

विषय : खोक्यावर छापलेली साठवणक्षमता आणि प्रत्यक्ष मिळालेली जागा यातील तफावत, न काढता येणारी ॲप्स आणि सेवा केंद्राची उत्तरे याबाबत तक्रार.

महोदय,

सांगलीच्या मार्केट यार्डात माझी बेदाण्याची अडत आहे. गेल्या दसऱ्याला आपल्या कंपनीचा फोन इथल्याच दुकानातून पक्क्या बिलावर घेतला. फोन कधी पडलेला नाही, भिजलेला नाही, काच शाबूत आहे आणि बॅटरीबद्दलही माझं काही म्हणणं नाही. तक्रार जागेची आहे. खोक्यावर ठसठशीत अक्षरांत '६४ जीबी' छापलंय आणि त्याच्या शेजारी '८ जीबीपर्यंत रॅम', म्हणजे चालू ॲप्स सांभाळणारी फोनची तात्पुरती, वेगवान मेमरी. या दोन आकड्यांवर मी फोन पसंत केला. दुकानात बाजूलाच दुसऱ्या कंपनीचा थोडा स्वस्त फोन होता, पण त्यावर रॅम कमी लिहिली होती म्हणून तो सोडला. हे मुद्दाम सांगतोय, कारण पुढे त्या रॅमचाही हिशेब येणार आहे.

बेदाण्याचा हंगाम सुरू झाला आणि फोन 'जागा संपत आली आहे' असं बजावू लागला. आमचा धंदा आता निम्मा फोनवर चालतो. सौद्याच्या दिवशी खोकी फोडून नमुना ताटात काढतात आणि टेबलावर मांडतात. हिरवा, पिवळा, काळा अशा रंगावर, मण्याच्या आकारावर आणि गोडीवर भाव ठरतो. बाहेरगावचा खरेदीदार दर सौद्याला येत नाही. तो फोटो मागतो, तोही त्याच घटकेला, उजेडात धरून काढलेला. मागच्या आठवड्यातला फोटो त्याला चालत नाही, कारण बेदाणा नुसता ठेवला तरी त्याचा रंग उतरतो. एका सौद्यात कवठेमहांकाळकडच्या शेतकऱ्याचा चांगला हिरवा माल माझ्याकडे लागला होता. ताट दाराजवळ नेलं, कॅमेरा उघडला, तर फोन म्हणतो, फोटो साठवायला जागा नाही. गडबडीत काही व्हिडिओ पुसले, तेवढ्यात बोली पुढच्या टेबलावर गेली. माल विकला गेला, पण ज्या गिऱ्हाइकाने तो वरच्या भावाने उचलला असता त्याला दाखवताच आला नाही. त्या नुकसानीचा आकडा मी या पत्रात लावत नाही. तो सिद्ध करता येणार नाही, आणि माझी बाकीची बाजू इतकी भक्कम आहे की त्याची गरजही नाही.

आपल्या हेल्पलाइनवरून ठरलेलं उत्तर येतं : कॅशे (ॲप्सनी तात्पुरता साठवलेला डेटा) साफ करा, नको असलेले फोटो काढा, व्हॉट्सॲपचा कचरा काढा. ते सगळं करून झालंय. व्हॉट्सॲपच्या सेटिंगमध्ये 'स्टोरेज अँड डेटा'खाली 'मॅनेज स्टोरेज' आहे, तिथे '५ एमबीपेक्षा मोठ्या' आणि 'अनेकदा फॉरवर्ड झालेल्या' फाइली वेगळ्या दिसतात. त्या सगळ्या काढल्या. पावसाळ्यात आयर्विन पुलाखालची पाण्याची पातळी सांगणारा एकच फोटो आमच्याकडे भावकीच्या, गल्लीच्या, यार्डाच्या आणि शाळासोबत्यांच्या ग्रुपवर वेगवेगळा येतो. पाणी वाढायला लागलं की सांगलीत तो फोटो कुणी पाठवू नये असं म्हणता येत नाही, २०१९ चा पूर सगळ्यांच्या डोक्यात आहे. पण पाणी ओसरल्यावर ते सगळे पुसले. आपण पाठवलेल्या फोटोंची दुसरी प्रत व्हॉट्सॲप 'सेंट' नावाच्या फोल्डरात ठेवतं, हेही भाच्याने दाखवलं. माझ्यासारख्या दिवसभर नमुने पाठवणाऱ्याच्या फोनमध्ये तिथेच मोठा ढीग होता. तोही काढला. पुसलेल्या गोष्टी ३० दिवस कचरापेटीत पडून राहतात आणि तोवर जागा मोकळी होत नाही, म्हणून कचरापेटीही रिकामी केली. आपोआप डाउनलोड बंद केलं. थोडक्यात, माझ्या बाजूचा केर मी काढलाय. यापुढे कृपया तो सल्ला नको.

एवढं करूनही महिन्याभरात पुन्हा तेच. तेव्हा विश्रामबागेतल्या आपल्या अधिकृत सेवा केंद्रात गेलो. तिथला मुलगा बोलायला चांगला होता. म्हणाला, "काका, फॅक्टरी रिसेट मारा, एकदम नव्यासारखा होईल." फोटो आणि हिशेबाच्या फाइली लॅपटॉपवर उतरवून घेतल्या आणि त्याच्यासमोरच रिसेट केलं. फोन पुन्हा सुरू झाल्यावर सिम घातलं नाही, खातं जोडलं नाही, वायफाय दिलं नाही. सेटिंगमध्ये जाऊन स्टोरेजचं पान उघडलं. माझं म्हणावं असं त्या फोनमध्ये एक अक्षरही नव्हतं, आणि पडद्यावर लिहिलं होतं : ६४ पैकी २६ जीबी वापरात. त्या पानाचा फोटो त्या मुलाच्याच फोनवर काढून घेतला, तो सोबत जोडला आहे. १०० रुपयांतले ४० रुपये गल्ल्यात पोचायच्या आधीच गेले म्हणायचे.

यातला काही भाग मला मान्य आहे, उगाच भांडायचं म्हणून भांडत नाही. आपण १ जीबी म्हणजे १०० कोटी बाइट धरता, काही ॲप्स १०२४ च्या पटीने मोजतात, त्या मोजणीने ६४ चे ५९.६ होतात. तो मापाचा फरक आहे, फसवणूक नाही. अँड्रॉइडलाही राहायला जागा लागणारच, आणि अपडेट सुरक्षित व्हावं म्हणून काही फोनमध्ये थोडी जागा राखून ठेवतात, हेही समजून घेतलं. पण २६?

आमच्याकडे शेतकरी कोल्ड स्टोरेजला बेदाणा लावतो, तो १५ किलोच्या खोक्यांत. समजा स्टोरेजवाल्याने १०० खोक्यांचं भाडं घेतलं आणि शेतकरी माल घेऊन गेला तेव्हा आत ४० खोकी स्टोरेजवाल्याचीच रचलेली निघाली, आणि वर तो म्हणाला की ही हलवायची नाहीत, तुमची खोकी कमी आणा, तर यार्डात त्याचं पुन्हा कुणी तोंड बघेल का?

आता रॅम. त्या २६ मधले ४ जीबी कुठे गेले ते त्या मुलानेच दाखवलं. सेटिंगमध्ये आत खोलवर 'रॅम वाढवा' असा पर्याय आहे आणि तो कारखान्यातूनच चालू करून पाठवलेला असतो. फोनमध्ये खरी रॅम ४ जीबी आहे. उरलेली ४ म्हणजे माझ्याच साठवणीतून बाजूला काढलेली जागा, जी रॅमच्या तुलनेत फार हळू चालते. म्हणजे तेच ४ जीबी खोक्यावर आपण दोनदा विकले : एकदा ६४ च्या आकड्यात आणि एकदा ८ च्या आकड्यात. तो पर्याय बंद करून फोन पुन्हा चालू केला की जागा परत मिळते, पण मग खोक्यावरची रॅम खोटी पडते. चालू ठेवला की खोक्यावरची जागा खोटी पडते. दोन्ही आकडे एकाच वेळी खरे ठरतील असा एकही मार्ग आपल्या फोनमध्ये नाही. या एका मुद्द्याचं सरळ उत्तर मला हवं आहे.

दुसरा भाग आपण घातलेल्या ॲप्सचा. बातम्यांचं एक, खेळांची दोन-तीन, आपलं स्वतःचं ॲप स्टोअर, आपलाच ब्राउझर, आपलीच गॅलरी, थीमचं दुकान, आणि लॉकस्क्रीनवर रोज नवं चित्र आणून दाखवणारं एक. त्या शेवटच्याला मी कधी बोलावलं नव्हतं, तरी ते माझा डेटा खर्चून चित्रं उतरवतं आणि माझ्याच जागेत ठेवतं. यातली थोडी काढता येतात. बाकीच्यांवर बोट दाबून धरलं तर 'अनइन्स्टॉल' येतच नाही, 'डिसेबल' येतं, आणि काहींवर तेही फिकट, दाबता न येणारं. डिसेबल केल्यावर त्याचे अपडेट आणि डेटा जातो, पण मूळ ॲप सिस्टिमच्या भागात बसलेलंच राहतं, ती जागा मला मिळत नाही. हे आपल्या तंत्रज्ञांना माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे. तरी आपल्या ईमेलमध्ये 'अनावश्यक ॲप्स डिसेबल करून जागा मोकळी करावी' असं लिहून येतं. आणि नवीन अपडेट आलं की झोपवलेल्यातलं एखादं पुन्हा उठून बसलेलं असतं.

मेमरी कार्ड घाला, असंही सुचवलं गेलं. खोक्यावर '१ टीबीपर्यंत वाढवता येते' असं आहेच. पण फोनचा खण असा आहे की त्यात एकतर दोन सिम बसतात किंवा एक सिम आणि एक कार्ड. माझं एक सिम धंद्याचं, एक घरचं. कार्डासाठी यातलं कुठलं काढू? आणि काढलं तरी कार्डावर जाणार काय? फोटो हलवता येतील. ॲप्स आपल्या फोनमध्ये कार्डावर हलत नाहीत, व्हॉट्सॲप आपले फोटो-व्हिडिओ थेट कार्डावर ठेवत नाही. कार्डालाच फोनची आतली जागा बनवण्याची सोय अँड्रॉइडमध्ये २०१५ सालच्या ६.० आवृत्तीपासून आहे, ती आपण या फोनमध्ये ठेवलेली नाही. मग 'वाढवता येते' यातलं नेमकं काय वाढतं, ते खोक्यावर लिहायला हवं होतं.

क्लाउडचं, म्हणजे इंटरनेटवरून बाहेर साठवण्याचं म्हणाल तर गूगल फोटोजची अमर्याद फुकट साठवण १ जून २०२१ ला बंद झाली. आता फुकटचे १५ जीबी मिळतात, त्यात मेल, ड्राइव्ह आणि फोटो सगळेच बसवायचे, आणि व्हॉट्सॲपचा बॅकअपही आता त्यातच मोजला जातो. त्यापुढे दरमहा पैसे. फोनमधली जी जागा मी रोखीने विकत घेतली तीच बाहेर भाड्याने घ्यायला आपण मला सांगताय.

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मी वाचला आहे. महत्त्वाची माहिती जाणूनबुजून दडवणारी जाहिरात त्यात दिशाभूल करणारी जाहिरात ठरते. आपल्या संकेतस्थळावर पानाच्या तळाशी, चष्मा लावूनही वाचता येऊ नये अशा अक्षरांत, 'प्रत्यक्ष उपलब्ध जागा कमी असू शकते' असं वाक्य आहे. किती कमी, ते नाही. खोक्यावर तर तेवढंही नाही. राहत्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात तक्रार करता येते, वकील द्यावाच लागतो असं नाही आणि या रकमेच्या फोनसाठी शुल्कही नाही. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवून ठेवली आहे. सांगलीचा आयोग मला यार्डापासून लांब नाही, आपल्याला मात्र दर तारखेला कुणीतरी पाठवावं लागेल. यार्डात माणसं व्यवहार बोलून मिटवतात, मलाही तेच आवडेल.

माझं मागणं असं. फोन परत घेऊन बिलाची पूर्ण रक्कम द्यावी. ते जमत नसेल तर याच प्रकारचा १२८ जीबीचा फोन फरक न घेता द्यावा. तेही नको असेल तर आपण घातलेली, फोन चालायला न लागणारी सगळी ॲप्स पूर्ण काढता येतील असं अपडेट द्यावं आणि त्याची तारीख लेखी कळवावी. याखेरीज, यापुढच्या खोक्यांवर ग्राहकाला फोन हातात घेतल्यावर खरोखर किती जागा मिळेल तो आकडा ६४ च्याच टाइपात छापावा, आणि खरी रॅम वेगळी लिहावी. या शेवटच्या मागणीचा मला स्वतःला काही फायदा नाही, पण ती सोडणार नाही. माझ्या यार्डात निम्मे हमाल आणि दिवाणजी याच किमतीतले फोन वापरतात. फोन भरला की ते हेल्पलाइनला फोन करत बसत नाहीत, पोरांचे फोटो पुसतात.

हे पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत लेखी उत्तर यावं. हेल्पलाइनवरून फोन आल्यास मी घेईन, पण त्याला उत्तर धरणार नाही.

आपला ग्राहक,
बेदाणा अडत दुकानदार, मार्केट यार्ड, सांगली

सोबत : बिलाची प्रत, खोक्याच्या सर्व बाजूंचे फोटो, रिसेटनंतर सेवा केंद्रात काढलेला स्टोरेजच्या पानाचा फोटो, 'रॅम वाढवा' पर्याय चालू आणि बंद असतानाचे स्क्रीनशॉट, न काढता येणाऱ्या ॲप्सची यादी, हेल्पलाइनकडून आलेले ईमेल.