आमच्या पाड्यावरच्या आशाताईंना

ताई, सप्रेम नमस्कार.

तोंडावर आभार मानले की तुम्ही "असू दे गं" म्हणत पुढच्या घराकडे वळता, म्हणून चारचौघांत लिहिते. माझं लग्न ठरलंय, हे तुम्हाला माहीत आहेच. मी सिकलसेलची, म्हणजे रक्ताच्या एका आनुवंशिक आजाराची, वाहक (दोष अंगात आहे, पण आजार नाही), मुलाचा रिपोर्ट नॉर्मल. आणि हे दोन्ही घरांनी सुपारी फुटायच्या आधी बोलून घेतलं. शहादा-तळोद्याकडच्या आमच्या पाड्यांवर आज हे उघड बोलता येतं, ते तुमच्यामुळे.

थंडी पडली की धाकट्या भावाची हाडं ठणकायची, डोळे पिवळे दिसायचे. भगताचा अंगारा झाला, एका दवाखान्यात संधिवाताची इंजेक्शनं झाली. तुम्ही किट घेऊन आलात तेव्हा आजी म्हणाली, "रगत काढीसन काय व्हई?" तुम्ही वाद घातला नाहीत. भावाच्या बोटातला थेंब नळीतल्या औषधात टाकलात, थोड्या वेळाने नळी काळ्या रेघांच्या कागदापुढे धरलीत आणि आजीलाच विचारलंत, "रेघा दिसतात का?" आजी म्हणाली, माझे डोळेच गेलेत. मग आम्ही सगळे वाकून बघायला लागलो. नळी गढूळ, रेघा गायब. माझी नळीही तशीच. तेव्हा तुम्ही ठणकावलंत की या चाचणीत फक्त दोष आहे एवढंच कळतं. वाहक कोण आणि रुग्ण कोण, ते इलेक्ट्रोफोरेसिस ही रक्ताची पुढची तपासणी झाल्यावरच, तोवर कुणी कुणाला नाव ठेवायचं नाही. रिपोर्ट आला: भाऊ एसएस म्हणजे रुग्ण, मी एएस म्हणजे वाहक.

आईबाबा दोघेही वाहक निघाले. शेजारची काकू लगेच म्हणाली, चारात एक आजारी ना, मग एक झाला, आता पुढची तीन बरी. तुम्ही आईच्या मुठीत मक्याचा एक लाल आणि एक पांढरा दाणा दिलात, बाबांच्याही तसेच. डोळे मिटून दोघांकडचा एकेक उचलायचा. दोन्ही लाल आले तर आजार, एकच लाल आला तर वाहक. उचललेले दाणे परत मुठीत टाकायला लावलेत आणि म्हणालात, "दर बाळंतपणाला डाव नव्याने." मग बाबांच्या मुठीत दोन्ही पांढरे देऊन पुन्हा उचलायला लावलंत. कितीही वेळा उचला, दोन लाल येतच नाहीत. वाहक मुलीने लग्नच करू नये असं म्हणणाऱ्यांची तोंडं तिथेच बंद झाली.

तुमची सगळ्यात हुशारीची गोष्ट म्हणजे तपासणीला तुम्ही पोरांना आधी बसवता. मुलीचं तपासणीचं कार्ड आधी निघालं की तिच्यावर शिक्का बसतो आणि मुलाकडचे नामानिराळे राहतात, हे तुम्ही ओळखलंत. तपासणी उरकायची दिवाळीआधी, कारण नंतर अर्धा पाडा ऊसतोडीला गुजरातेत जातो, हेही तुम्हालाच सुचलं. 1 जुलै 2023 ला मध्य प्रदेशातल्या शहडोलहून राष्ट्रीय मोहीम सुरू झाली. 40 वर्षांपर्यंतच्या 7 कोटी लोकांची तपासणी आणि 2047 पर्यंत सिकलसेलचं निर्मूलन असं तिचं लक्ष्य. पण कोणता पाडा कधी रिकामा होतो, ते दिल्लीत बसून कसं कळणार? (आणि तुमचं मानधन वेळेवर येत नाही, हे मी मुद्दाम इथे लिहितेय.)

भाऊ आता हायड्रॉक्सीयुरिया आणि फॉलिक ॲसिडच्या गोळ्या चुकवत नाही, पाण्याची बाटली सोडत नाही, ताप आला की थेट दवाखाना गाठतो. दुखणं पूर्ण गेलेलं नाही, पण पूर्वीसारखं वरचेवर उठत नाही. बारावीला बसलाय.

पत्रिका द्यायला घरी येतेच. हळदीला नक्की या, पण मांडवात तरी किट आणू नका. नाहीतर आणाच. नवरदेवाचे बरेच मित्र तपासायचे राहिलेत.

तुमची,
पाड्यावरची एक वाहक