सदास पत्र : शेऱ्याचा रकाना

इंदूर,
रविवार

प्रिय सदा,

सप्रेम नमस्कार.

वाड्यात गेल्या आठवड्यात एक गोष्ट घडली. ती तुझ्याखेरीज कोणाला सांगितली तर ऐकणारा "त्यात काय एवढे" म्हणेल, म्हणून तुलाच लिहितो आहे. आमच्या प्रकृती ठीक आहेत; थंडीमुळे हिचे गुडघे कुरकुरतात, इतकेच.

मागच्या चौकातल्या काकूंना मोबाइलवर संदेश आला की आपण थकबाकीदार आहात, सात दिवसांत विलंब शुल्कासह भाडे भरावे, अन्यथा पुढील कार्यवाही केली जाईल. पेन्शन हाती आले की दुसऱ्या दिवशी भाडे, हा काकूंचा दादांच्या वेळेपासूनचा शिरस्ता तुला ठाऊक आहे. तो संदेश शेजारच्या मुलीकडून वाचून घेऊन त्या पैसे रुमालात बांधून समोर आल्या आणि मला म्हणाल्या, "विनू, वाडा विकलास का रे?" त्यांना रागावताही आले असते, पण त्यांनी सरळ धरून चालले की मालक बदलला असणार, कारण आमच्या घरातून असे पत्र येणार नाही. मी त्यांना खाली बसवले, चहा दिला आणि सगळे समजावून सांगितले, तरी जाताना त्यांनी पावती दोनदा तपासून घेतली.

झाले होते असे की श्रीने भाड्याच्या व्यवस्थापनाचे एक सॉफ्टवेअर महिनाभर वापरून पाहण्यासाठी घेतले आहे. त्या कंपनीच्या माणसाने नमुन्यादाखल आमच्याच भाडेकरूंची यादी खऱ्या फोन नंबरांसह भरली आणि पाच तारीख उलटताच त्या यंत्रणेने आपणहून संदेश पाठवून दिले. त्या माणसाने क्षमा मागितली आणि ती सोय बंद करून दिली. श्रीच्या दृष्टीने विषय तिथे संपला. माझ्या दृष्टीने तो तिथे सुरू झाला.

सॉफ्टवेअर घेऊ नये असे मला मुळीच वाटत नाही, हे आधी सांगतो, नाहीतर तू मला जुन्या वळणाचा ठरवून पत्र बाजूला ठेवशील. दादांच्या वेळी वाड्यातली बिऱ्हाडे आणि दर्शनी दुकाने एवढेच होते, आणि एका वहीत ते मावत होते. आता जेल रोडचे गाळे आणि सुदामा नगरचे फ्लॅट हिंदू अविभक्त कुटुंबाच्या नावावर आहेत, आणि वाडा मी, श्री आणि ताई अशा तिघांच्या नावावर आहे. तिघांचे हिस्से ठरलेले असल्यामुळे वाड्याच्या भाड्यावरचा प्राप्तिकर ज्याचा त्याला वेगळा भरावा लागतो, म्हणजे काकूंच्या भाड्याचेसुद्धा तीन भाग करून लिहावे लागतात. घरपट्टीची वजावट ती प्रत्यक्ष भरली त्याच वर्षी मिळते, तेव्हा महापालिकेत कोणी कधी किती भरले याची नोंद हवी. उरलेल्या रकमेवर दुरुस्तीसाठी वगैरे 30 टक्के सरसकट वजावट मिळते, तिला हिशेब लागत नाही. फ्लॅटचे करार अकरा महिन्यांचे असतात, कारण एक वर्षाहून अधिक मुदतीचा भाडेपट्टा 1908 च्या कायद्याप्रमाणे नोंदवावाच लागतो. त्यामुळे दर महिन्याला कोणता ना कोणता करार संपत असतो, आणि पोलीस पडताळणीचा कागद कोणाचा ना कोणाचा राहिलेला असतो. हे सगळे माझ्या डोक्यात राहते, पण माझ्यानंतर ते कोणाच्या डोक्यात राहील हा श्रीचा प्रश्न रास्त आहे.

अडचण अशी की घराचे भाडे आणि दुकानाचे भाडे यांना आपण एकच शब्द वापरत असलो तरी हे दोन निराळे व्यवहार आहेत, आणि मी पाहिलेली बहुतेक सॉफ्टवेअरे मुळात एकासाठी बनवून दुसऱ्याला नंतर जोड दिलेली आहेत. घराला महिन्याचा एक आकडा, एक अनामत आणि सबमीटरचे लाइट बिल पुरते. गाळ्याला चौरस फुटाचा दर आहे, तोही कार्पेट एरियावर, म्हणजे आतल्या वापरायच्या जागेवर, की जिना-लिफ्टचा वाटा धरलेल्या सुपर बिल्टअपवर, हे करारात पाहावे लागते. दर तीन वर्षांनी भाडेवाढ आहे, मध्येच गाळा सोडता येऊ नये म्हणून लॉक-इनची मुदत आहे, फर्निचर करून घेण्यासाठी सुरुवातीचे बिनभाड्याचे दिवस आहेत, आणि जिना, लिफ्ट, पहारेकरी यांचा सामाईक खर्च वाटून घ्यायचा आहे.

मी त्या माणसासमोर एक उदाहरण ठेवले, ते तुला सांगतो, म्हणजे माझे म्हणणे कळेल. गाळ्याचे भाडे 80,000 रुपये धर. त्यावर 18 टक्के जीएसटी 14,400, म्हणजे बिल 94,400 चे. भाडेकरू बँकेसारखी संस्था आहे. भाडे महिना 50,000 च्या वर असल्यामुळे ती मूळ भाड्यावर 10 टक्के टीडीएस (माझ्या नावे सरकारात भरायचा प्राप्तिकर) कापणार, म्हणजे 8,000, आणि माझ्या खात्यात 86,400 येणार. कोणी कोणाचे देणे नाही. यंत्रणेने मात्र 8,000 रुपये थकबाकी दाखवली आणि पुढच्या महिन्यात त्यावर विलंब शुल्क चढवले! ज्या यंत्रणेला टीडीएस वेगळ्या खाती टाकता येत नाही आणि जिच्या नोंदी पुढे प्राप्तिकर खात्याकडच्या टीडीएसच्या वार्षिक पत्रकाशी ताडून पाहता येत नाहीत, ती परदेशात कितीही नावाजलेली असो, जेल रोडवर तिचा उपयोग नाही. अमेरिकेत या व्यवसायात यार्डी, ॲपफोलिओ, बिल्डियम अशी मोठी नावे आहेत. त्यातली यार्डी 1984 पासूनची, आणि तिचे मोठे कार्यालय तुमच्या पुण्यातच आहे. त्यांच्या कामाविषयी मला आदर आहे, पण शेकडो घरांचे संकुल सांभाळणाऱ्या कंपनीच्या गरजा वेगळ्या आणि रामबागेतल्या वाड्याच्या वेगळ्या.

जीएसटीची आणखी एक खोच आहे. राहण्यासाठी घर भाड्याने दिले तर सामान्य भाडेकरूच्या बाबतीत कर लागत नाही. पण नोंदणीची 20 लाखांची मर्यादा मोजताना ते घरभाडेही एकूण उलाढालीत धरले जाते. म्हणून घरे एका वहीत आणि दुकाने दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, असे ठेवून चालत नाही. शिवाय 10 ऑक्टोबर 2024 पासून नियम असा की मालक नोंदणीकृत नसेल आणि दुकानाचा भाडेकरू नोंदणीकृत असेल, तर कर भाडेकरूने स्वतः भरायचा. वाड्याच्या दर्शनी दुकानांना हा नियम लागतो आणि जेल रोडला, तिथे कुटुंबाची नोंदणी असल्यामुळे, लागत नाही, तेव्हा एकाच कुटुंबाच्या दोन बिलांवर दोन प्रकारचे शेरे हवेत. हे ज्याला विचारावे तो "होऊन जाईल, सर" म्हणतो. मी आता "करून दाखवा" एवढेच म्हणतो, आणि तिथे बरेच जण गळतात.

दराचेही तसेच. बहुतेक जण दर महिन्याला प्रत्येक युनिटमागे पैसे घेतात, म्हणजे काकूंच्या खोलीला तेवढेच जेवढे जेल रोडच्या गाळ्याला. श्री म्हणतो, ही रक्कम किरकोळ आहे. किरकोळ असेलही, पण ज्या खोल्यांचे भाडे आपण मुद्दाम वाढवले नाही, त्यांच्यावर खर्च बसू लागला की उद्या कोणीतरी अहवाल उघडून म्हणेल की या खोल्या परवडत नाहीत. मला त्या अहवालाची भीती वाटते.

आता मुख्य गोष्ट. दादांच्या वहीत शेवटचा रकाना शेऱ्याचा होता, हे तुला आठवत असेलच. परवा त्या वह्या काढून बसलो आणि 1991 च्या डिसेंबरपाशी थांबलो. हुकुमचंद मिल बंद पडली त्या महिन्यात तुझ्या अण्णांच्या नावापुढे भाड्याचा रकाना कोरा आहे आणि शेऱ्यात दादांच्या अक्षरात लिहिले आहे, "मिलचा पैसा येईपर्यंत तगादा नाही." पुढच्या पानांवर नुसते "वरीलप्रमाणे". मग तुला पुण्यात नोकरी लागली, आणि वर्षभराने एका ओळीत "सदाकडून पूर्ण जमा. व्याज नाही." मिलच्या कामगारांचे 224 कोटी रुपये निघाले ते 2023 च्या डिसेंबरात, म्हणजे 32 वर्षांनी, आणि अण्णा काय किंवा दादा काय, तो दिवस पाहायला दोघेही नव्हते. त्या दिवशी आपण फोनवर बोललो होतो. तू फारसे काही बोलला नव्हतास.

सॉफ्टवेअरमध्ये थकबाकीचा जो तक्ता असतो त्यात 30 दिवस, 60 दिवस, 90 दिवस आणि त्यापुढे सगळे एकत्र, असे रकाने असतात. मी त्या माणसाला विचारले की एखादी बाकी मालकाने समजून उमजून थांबवली असेल तर ती कुठे दाखवायची. तो म्हणाला, "सर, ती माफ करून टाका, म्हणजे आकडा निघून जाईल." त्याला सांगून पाहिले की माफ करणे वेगळे आणि थांबणे वेगळे. अण्णांना माफी दिली असती तर त्यांनी दुसऱ्या दिवशी बिऱ्हाड हलवले असते, हे तुला मी सांगायला नको. देणे देणे राहते, माणूस ताठ राहतो, आणि तगादा मात्र होत नाही, अशी ती तिसरी अवस्था आहे, आणि यंत्रात तिला जागा हवी असा माझा आग्रह आहे. श्रीला हा हळवेपणा वाटतो. मला तो व्यवहार वाटतो, कारण त्याच वहीच्या जोरावर वाड्यातले एकही प्रकरण कोर्टात गेले नाही. मध्य प्रदेशच्या 1961 च्या स्थान नियंत्रण कायद्यात मागणीची नोटीस मिळाल्यापासून दोन महिन्यांत थकबाकी दिली नाही तर घर खाली करून मागता येते. इतके वजन ज्या कागदाला आहे तो कोणाही माणसाने न वाचता यंत्राने पाठवावा, हे मला कदापि मान्य नाही.

तुझे एक म्हणणे मात्र या निमित्ताने पूर्ण होते आहे. भाडेवाढीवरून आपले जे भांडण झाले आणि त्या वर्षीच्या गणपतीत तू आमच्या आरतीला आला नाहीस, तेव्हा तुझा मुद्दा एकच होता, की भाडेकरूचे खाते भाडेकरूला का दिसू नये. मी तेव्हा दादांची बाजू घेतली आणि आजही म्हणेन की तू फार तारस्वरात बोललास, पाटणकरांच्या गच्चीपर्यंत ऐकू गेले होते. पण आता यातल्या बऱ्याच सॉफ्टवेअरांत भाडेकरूला आपले खाते, पावत्या आणि करार स्वतःच्या मोबाइलवर पाहता येतात, आणि निवडीच्या माझ्या अटींत ती अट मी वर घातली आहे. नळ गळतो, पंखा बंद आहे, अशी तक्रारही तिथेच लिहिता येते आणि ती कधी निवारली याची तारीख राहते. तू जिंकलास, असे समजायला हरकत नाही. पुढच्या खेपेला छप्पन दुकानवर पोहे तुझ्याकडून.

माझा कल सध्या एका लहान देशी कंपनीकडे आहे. त्यांच्याकडे विलंब शुल्क प्रत्येक भाडेकरूसाठी स्वतंत्रपणे बंद करता येते, आणि संदेश आमच्यापैकी कोणी वाचून होकार दिल्याशिवाय जात नाही. थांबवलेल्या बाकीचा वेगळा रकाना करून देतो असे ते म्हणाले, आणि त्यांनी करून दाखवला. हिशेब टॅलीतच राहील. इकडून नोंदी तिकडे जातील. 1 एप्रिलपासून सुरुवात करायची आणि पुढच्या मार्चपर्यंत वही समांतर चालवायची, असे मी ठरवले आहे. श्री म्हणतो, दुहेरी काम कशाला. ताईने माझ्या बाजूने मत दिल्यामुळे तो गप्प आहे.

धास्ती एवढीच की लहान कंपनी उद्या बंद पडली तर काय? म्हणून सूनबाईंना दोन गोष्टी विचारशील का, त्या याच क्षेत्रात आहेत. सगळी माहिती एक्सेलमध्ये उतरवून घेता येते असे कंपनी सांगते, पण करारांच्या स्कॅन प्रती आणि शेरे त्यात येतात की नुसते आकडे, हे करारात कोणत्या शब्दांत लिहून घ्यावे? आणि भाडेकरूंच्या आधारच्या प्रती तिथे ठेवाव्यात की नाही? मी शेवटचे चारच अंक दिसणाऱ्या प्रती मागून घ्यायला सुरुवात केली आहे, जुन्यांचे काय करावे ते कळत नाही. 2023 चा डेटा संरक्षणाचा कायदा आमच्यासारख्यांना कितपत लागतो, तेही त्यांना माहीत असेल.

तुझे मोतीबिंदूचे उरकले का? नातीच्या दहावीचे कळव. वहिनींना नमस्कार, पोह्यांवर घालायचे जीरावन पाठवतो आहे, डबा परत पाठवण्याची घाई नाही.

एक तुझ्याकडून हवे आहे. जुन्या वह्यांची पाने स्कॅन करून त्या त्या खोलीच्या खाती लावायची आहेत, म्हणजे पुढच्यांना शेरे वाचता येतील. अण्णांचे पान त्यात घालावे असे मला फार वाटते, पण ते कंपनीच्या माणसांनाही दिसू शकेल आणि ते पान तुमचे आहे. तुझा होकार आला तरच घालीन. नको म्हणालास तर त्या खोलीचे खाते तुझ्यानंतरच्या बिऱ्हाडापासून सुरू होईल. श्री पुढच्या रविवारी करारावर सही करायचे म्हणतो आहे, तेव्हा त्याआधी फोन कर, दुपारी चारनंतर मी घरीच असतो.

तुझा,
विनायक